सेंट हेलेनाचा पहिला रहिवासी

सेंट हेलेना हे नाव निघाले की आपल्याला आठवतो तो नेपोलियन. वॉटर्लूच्या पराभवानंतर १८१५ साली इंग्रजांनी त्याला या बेटावर आणून ठेवले आणि ५ मे १८२१ रोजी तो तेथेच वारला, एवढे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु नेपोलियनच्याही आधी, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, या बेटावर एक मनुष्य एकटा राहून गेला. त्याची कहाणी सुरू होते ती आपल्या गोव्यात. आणि नवल असे की, त्याला कोणी तेथे कैद करून नेले नव्हते. तो आपण होऊन राहिला. त्याचे नाव फेर्नांव लोपिश.

आधी हे बेट आहे कोठे ते पाहू. दक्षिण अटलांटिक महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सोळा अंशांवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ १,९०० किलोमीटरांवर ते एकटेच उभे आहे. क्षेत्रफळ अवघे १२२ चौरस किलोमीटर. चहूबाजूंनी ज्वालामुखीचे काळे, उघडे कडे आणि वर डोंगरमाथ्यावर मात्र हिरवी झाडी. आज तेथे चार हजारांच्या आसपास वस्ती आहे. अगदी परवापरवापर्यंत तेथे जायचे तर केप टाउनहून टपालबोटीने पाच-सहा दिवसांचा प्रवास करावा लागे. बोट भर समुद्रात नांगर टाकी आणि उतारू लहान होडीतून धक्क्यावर येऊन, लोंबत्या दोराला धरून पायऱ्यांवर पाय टाकीत. मोबाइल टेलिफोन बेटावर पोहोचला तो २०१५ साली. जोहान्सबर्गहून नियमित विमान सुरू झाले ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि पुढच्याच फेब्रुवारीत जुन्या बोटीने अखेरची फेरी केली. तरीही हौशी प्रवाशांच्या झुंडी तेथे लोटल्या आहेत असे नाही. उतरण्याच्या जागा मोजक्या, विमाने थोडी, आणि धावपट्टीवरचा वारा मोठा लहरी.

हे बेट पोर्तुगीजांना सापडले १५०२ साली, हिंदुस्थानातून मायदेशी परतताना. तेथे मनुष्यवस्ती नव्हती. होते ते गोडे पाणी आणि जंगल. त्यामुळे परतीच्या वाटेवरची जहाजे पाणी भरून घेण्यासाठी तेथे थांबू लागली.

आता गोव्याकडे वळू. आफोंसो द आल्बुकेर्क याने नोव्हेंबर १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवे दुसऱ्यांदा जिंकले आणि पुढच्या वर्षी तो मलाक्क्याच्या स्वारीवर निघून गेला. त्याची पाठ फिरताच आदिलशाही सरदार रसूलखान याने तिसवाडीच्या कडेचा बाणस्तारीचा कोट धरून बसण्याचा डाव साधला. या धामधुमीत काही पोर्तुगीज शिपाई फितूर होऊन त्याला मिळाले, मुसलमान झाले. लोपिश त्यांच्यापैकी एक.

१५१२ साली आल्बुकेर्क परतला आणि त्याने बाणस्तारीला वेढा घातला. रसूलखानाने कोट खाली करण्याचे कबूल केले, पण एका अटीवर: आपल्या आश्रयाला आलेल्या माणसांना जिवे मारू नये. आल्बुकेर्कने शब्द दिला आणि तो पाळलाही. त्याने त्यांना जिवे मारले नाही. नाक कापले, कान कापले, उजवा हात तोडला आणि डाव्या हाताचा अंगठाही छाटला. कित्येक जण त्या जखमांनीच मेले. लोपिश जगला. शब्दाचे अक्षर राखून त्याचा प्राण कसा घ्यावा, याचे याहून क्रूर उदाहरण इतिहासात शोधूनच काढावे लागेल.

डिसेंबर १५१५ मध्ये आल्बुकेर्क मरण पावला. त्यानंतर लोपिश पोर्तुगालच्या जहाजावर चढला. घरी बायकामुले होती असे म्हणतात. पण हे तोंड घेऊन त्यांच्यापुढे कसे जायचे? वाटेत जहाज पाण्यासाठी सेंट हेलेनाला थांबले, तेव्हा तो रानात शिरला आणि लपून बसला. खलाशांनी हाका मारल्या, शोध केला. शेवटी काही बिस्किटे, खारवलेले मांस आणि कपडे किनाऱ्यावर ठेवून ते निघून गेले.

पुढची हकीकत आल्बुकेर्कचाच लेखनिक गास्पार कोरैय्या याने आपल्या बखरीत नोंदवून ठेवली आहे. चार बोटांच्या एका हाताने लोपिशने राहण्यासाठी डोंगरात बीळ खोदले. जहाज दिसले की तो दडून बसे. एकदा एका जहाजावरून कोंबडा पाण्यात पडला. लोपिशने त्याला वाचवले, दाणे घातले, आणि पुढे तो कोंबडा त्याच्या मागे मागे हिंडू लागला. येणारे खलाशी त्याच्यासाठी काही ना काही ठेवून जाऊ लागले: बी-बियाणे, रोपे, कोंबड्या, बदके. संत्री, लिंबे, डाळिंबे त्याने लावली. महिनोन्‌महिने ताज्या फळाचे तोंड न पाहिलेल्या, हिरड्या सुजलेल्या खलाशांना त्या लिंबांचे मोल काय असेल, हे सांगायला नको. ज्या राष्ट्राच्या नावाने त्याची विटंबना झाली, त्याच राष्ट्राची जहाजे त्या बागेवर येत होती.

सुमारे दहा वर्षांनी त्याला समजावून लिस्बनला नेण्यात आले. राजाराणीने त्याला भेट दिली. तेथून तो रोमला गेला आणि पोपपुढे आपल्या धर्मत्यागाची क्षमा मागून ती मिळवली. यापुढे तो कोठेही सुखाने राहू शकला असता. त्याने मागितले ते एवढेच, की मला माझ्या बेटावर परत पोहोचवा. १५४५च्या सुमारास तो तेथेच वारला.

नेपोलियनला या बेटावर सर्वांत असह्य झाली ती आपल्यावरची पहाऱ्याची नजर. लोपिशने हेच बेट निवडले, कारण तेथे त्याच्या तोंडाकडे पाहणारे कोणी नव्हते.

१५८८ साली थॉमस कॅव्हेंडिश हा इंग्रज दर्यावर्दी तेथे उतरला, तेव्हा दरीत लिंबे, संत्री, डाळिंबे आणि अंजिरे यांच्या बागा बहरलेल्या त्याने पाहिल्या. सगळीच झाडे लोपिशची नव्हेत. मधल्या काळात इतरांनीही भर घातली होती. परंतु त्या दरीत पहिली आळी केली ती एका थोट्या माणसाने, आणि फळे खाल्ली ती ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते अशा लोकांनी.