हॅम्बर्गर स्टेक म्हणजे नक्की काय? ब्राऊन ग्रेव्हीसह तो घरी कसा बनवतात?

हॅम्बर्गर म्हटलं की गोल पाव, मध्ये टिक्की, लेट्यूसचं पान आणि चीज असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण अमेरिकेतल्या घरांमध्ये आणि महामार्गावरच्या छोट्या डायनरमध्ये याच हॅम्बर्गरचं एक वेगळं रूप ताटात वाढलं जातं. त्याला पाव नसतो. खिम्याची जाडसर, लांबट टिक्की, तिच्यावर परतलेल्या कांद्याची दाट तपकिरी ग्रेव्ही आणि शेजारी कुस्करलेला बटाटा. हा झाला हॅम्बर्गर स्टेक.

नावात ‘स्टेक’ असला तरी हा खरा स्टेक नव्हे. स्टेक म्हणजे मांसाचा अख्खा काप, आणि हॅम्बर्गर स्टेक म्हणजे दळलेलं मांस थापून त्याला दिलेला कापाचा आकार. हा फरक लक्षात ठेवायला हवा. टिक्की कशी मळायची, किती शिजवायची आणि तिच्यावर ग्रेव्ही कशासाठी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

हे नाव आलं कुठून?

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून मोठ्या संख्येने लोक अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांच्यापैकी अनेकांची बोट हॅम्बुर्ग बंदरातून सुटायची. पुढे न्यूयॉर्कच्या खानावळींमध्ये बारीक केलेल्या गोमांसाची टिक्की ‘हॅम्बुर्ग स्टेक’ या नावाने मिळू लागली. खांद्याचं किंवा मानेचं मांस स्वस्त असतं, पण चिवट असतं. ते दळलं की चावायला सोपं होतं. कमी पैशांत स्टेकचं समाधान मिळायचं, म्हणून हा पदार्थ कष्टकऱ्यांच्या ताटात रुळला. पाव त्याला नंतर मिळाला.

त्याचा जवळचा भाऊ म्हणजे ‘सॅलिसबरी स्टेक’. डॉ. जेम्स हेन्री सॅलिसबरी (१८२३–१९०५) हे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातले डॉक्टर. बहुतेक आजारांचं मूळ चुकीच्या आहारात असतं, अशी त्यांची धारणा होती. १८८८ साली त्यांनी आहार आणि आजार यांच्या संबंधावर पुस्तक लिहिलं. दिवसातून तीन वेळा चरबी काढलेल्या, बारीक केलेल्या गोमांसाची भाजलेली टिक्की खावी आणि सोबत गरम पाणी प्यावं, असा त्यांचा सल्ला होता. आजचं आहारशास्त्र हे मानत नाही, पण त्यांचं नाव मात्र पदार्थाला चिकटलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीविरोधी वातावरण तापलं, तेव्हा अमेरिकेत ‘हॅम्बर्गर’ हा जर्मन शब्द टाळण्यासाठीही ‘सॅलिसबरी स्टेक’ हे नाव वापरलं गेलं.

आज घरोघरी ही दोन्ही नावं एकाच अर्थाने वापरतात. कायद्यात मात्र फरक आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार ‘हॅम्बर्गर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिम्यात चरबी ३० टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि पाणी किंवा ब्रेडचा चुरा मिसळता येत नाही. ‘सॅलिसबरी स्टेक’मध्ये किमान ६५ टक्के मांस असावं लागतं. ब्रेडचा चुरा, पीठ असे पदार्थ त्यात ठरावीक मर्यादेत चालतात.

खिमा आतून कच्चा का ठेवू नये?

अख्ख्या कापावर जिवाणू असले तर ते बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात. बाहेरून कडक भाजलं की ते मरतात. म्हणून स्टेक आतून गुलाबी ठेवून खाण्याची पद्धत आहे. पण मांस दळलं की पृष्ठभागावरचे जिवाणू पूर्ण खिम्यात मिसळतात. टिक्कीचा मध्यही आता ‘बाहेरचा भाग’च होऊन बसतो.

याची मोठी किंमत अमेरिकेने १९९३ साली मोजली. एका फास्ट फूड साखळीचे अर्धवट शिजलेले हॅम्बर्गर खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले. त्यात चार मुलांचा मृत्यू झाला. कारण होतं ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ हा जिवाणू. त्याच्या विषामुळे, विशेषतः लहान मुलांमध्ये, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सर्वाधिक रुग्ण असलेल्या वॉशिंग्टन राज्याचा नियम हॅम्बर्गर १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ६८ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याचा होता. केंद्र सरकारची तेव्हाची शिफारस मात्र १४० अंश फॅरनहाइटची, म्हणजे ६० अंश सेल्सिअसची होती. या घटनेनंतर ती वाढवण्यात आली. १९९४ मध्ये कच्च्या गोमांसाच्या खिम्यात हा जिवाणू सापडला तर तो माल भेसळयुक्त मानला जाईल, असं कृषी खात्याने जाहीर केलं.

घरगुती स्वयंपाकासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची आजची शिफारस अशी आहे: गोमांस, मटण किंवा डुकराच्या मांसाचा खिमा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवावा, आणि चिकनचा खिमा ७४ अंशांपर्यंत.

इथे रंगावर भरवसा ठेवता येत नाही. काही वेळा खिमा सुरक्षित तापमानाला पोहोचण्याआधीच तपकिरी दिसू लागतो, तर काही वेळा पुरता शिजूनही गुलाबी राहतो. म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर टिक्कीच्या कडेने आडवा, मध्यापर्यंत खुपसून बघणं हाच खात्रीचा उपाय.

मग ग्रेव्ही कशासाठी?

मांस पूर्ण शिजलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि रस बाहेर पडतो. नुसती टिक्की पूर्ण शिजवली तर ती कोरडी लागण्याची भीती असते. यावर अमेरिकन घरांनी दोन उपाय शोधले.

पहिला उपाय टिक्कीच्या आत. दुधात भिजवलेला ब्रेडचा चुरा खिम्यात मिसळायचा. त्यातलं पिष्ट ओलावा धरून ठेवतं आणि प्रथिनांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही. शामी कबाबात डाळ जे काम करते, साधारण तेच इथे पाव करतो.

दुसरा उपाय म्हणजे ग्रेव्ही. टिक्की तव्यावर खरपूस झाली की पुढचं शिजणं ग्रेव्हीत, मंद आचेवर होतं. त्यामुळे बाहेरची बाजू करपत नाही, आतली बाजू पुरती शिजते आणि निघालेला रस वाया न जाता ग्रेव्हीत उतरतो.

साहित्य (चार जणांसाठी)

टिक्कीसाठी:
- खिमा: ५०० ग्रॅम, सुमारे २० टक्के चरबी असलेला
- ब्रेडचा चुरा: अर्धा कप
- दूध: पाव कप
- अंडं: १
- किसलेला छोटा कांदा: १
- वूस्टरशर सॉस: १ मोठा चमचा
- काळी मिरी पूड: अर्धा छोटा चमचा
- मीठ: पाऊण छोटा चमचा
- तेल: १ मोठा चमचा

ग्रेव्हीसाठी:
- उभे चिरलेले मध्यम कांदे: २
- मश्रूमचे काप: १ कप (नसले तरी चालतात)
- लोणी किंवा पॅनमध्ये उरलेली चरबी: ३ मोठे चमचे
- मैदा: ३ मोठे चमचे
- बीफ किंवा चिकन स्टॉक: २ कप (४८० मिली)
- वूस्टरशर सॉस: १ छोटा चमचा

कृती

१. ब्रेडचा चुरा दुधात पाच मिनिटं भिजवून त्याचा लगदा करा. त्यात अंडं, किसलेला कांदा, सॉस आणि मिरी फेटून घ्या.

२. आता खिमा घाला आणि अगदी शेवटी मीठ. हाताच्या बोटांनी फक्त एकजीव होईपर्यंत मिसळा. कणकेसारखं तिंबू नका. मीठ आणि जोरदार मळणं एकत्र आलं की मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि टिक्की सॉसेजसारखी रबरी लागते.

३. चार भाग करून सुमारे २ सेंटिमीटर जाडीच्या लांबट टिक्क्या थापा. प्रत्येकीच्या मध्ये अंगठ्याने हलका खळगा करा. शिजताना कडा आकसतात आणि मध्यभाग फुगतो. खळग्यामुळे टिक्की सपाट राहते.

४. बिडाचा तवा किंवा जाड बुडाचा पसरट पॅन चांगला तापवा. तेल घालून टिक्क्या सोडा. प्रत्येक बाजू ३ ते ४ मिनिटं, न हलवता. उलथन्याने दाबू नका, कारण दाबलं की रस निघून जातो. दोन्ही बाजू गडद तपकिरी झाल्या की टिक्क्या ताटलीत काढा. आत त्या अजून कच्च्या असतात, म्हणून या टप्प्यावर चव बघू नका.

५. पॅनच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर घासून टाकू नका. ग्रेव्हीची खरी चव त्यातच आहे. प्रथिनं आणि साखर यांच्यात साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जी प्रक्रिया वेगाने होते, तिने हा रंग आणि खमंगपणा येतो. तिला माइलार्ड प्रक्रिया म्हणतात. थर काळा आणि कडू झाला असेल तर मात्र पॅन धुऊन पुढे जा.

६. त्याच पॅनमध्ये मध्यम आचेवर लोणी घालून कांदा ८ ते १० मिनिटं परता. वापरत असाल तर मश्रूमही याच वेळी घाला. कांदा सोनेरी झाला की मैदा भुरभुरवा आणि दोन मिनिटं सतत हलवत भाजा. मैद्याचा कच्चा वास गेला पाहिजे.

७. स्टॉक थोडा थोडा ओता आणि दर वेळी नीट ढवळा. एकदम ओतला तर गुठळ्या होतात. लाकडी उलथन्याने तळाचा थर खरवडून ग्रेव्हीत मिसळू द्या. सॉस घाला आणि एक उकळी आणा.

८. टिक्क्या, ताटलीत साठलेल्या रसासकट, ग्रेव्हीत सोडा. झाकण ठेवून मंद आचेवर ८ ते १० मिनिटं शिजवा. मध्यभागी ७१ अंश झाले की आच बंद. मिठाची चव शेवटी बघा, कारण तयार स्टॉक आणि वूस्टरशर सॉस दोन्ही मुळात खारट असतात.

ग्रेव्ही बिघडली तर?

फार दाट झाली तर गरम स्टॉक घालून सैल करा. पातळ राहिली तर झाकण काढून थोडी आटवा. गुठळ्या झाल्या तर टिक्क्या बाजूला काढून ग्रेव्ही गाळून घ्या. रंग फिका वाटला तर मैदा जास्त वेळ भाजता येतो, पण मैदा जितका गडद भाजाल तितकी त्याची दाटपणा देण्याची ताकद कमी होते. मैदा नको असेल तर वरच्या प्रमाणाला साधारण दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून, उकळत्या ग्रेव्हीत शेवटी घाला.

महाराष्ट्रात करायचा तर?

मूळ पदार्थ गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून लागू असलेल्या कायद्याने गायीसोबतच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस-रेड्यासाठी ती बंदी नाही. घरी करताना मटणाचा किंवा चिकनचा खिमा सहज वापरता येतो. बोकडाचा खिमा बऱ्याचदा कमी चरबीचा असतो, म्हणून खाटकाला सांगून त्यात थोडी चरबी दळून घ्यावी. चिकनची टिक्की लवकर कोरडी पडते. तिच्यात दूध-ब्रेडचा लगदा अजिबात टाळू नये.

हवाई आणि जपानमधली भावंडं

हवाई बेटांवर गरम भातावर हॅम्बर्गरची टिक्की, तिच्यावर तळलेलं अंडं आणि वरून ब्राऊन ग्रेव्ही असा ‘लोको मोको’ मिळतो. १९४० च्या दशकाच्या शेवटी हिलो शहरात तो सुरू झाला असं मानलं जातं. जपानमधल्या ‘हम्बागु’मध्ये बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र दळतात, परतलेला कांदा घालतात आणि दाट तपकिरी सॉससोबत भाताबरोबर वाढतात. कुस्करलेला बटाटा करायचा कंटाळा आला तर आपल्याकडेही साधा भात उत्तम लागतो.

उरलं तर काय?

कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांत संपवावा. शिजवलेल्या टिक्क्या आणि ग्रेव्ही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत, उकाड्याच्या दिवसांत तर एका तासात. दाट ग्रेव्ही खोल पातेल्यात हळूहळू निवते आणि त्या कोमट अवस्थेत जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून ती पसरट भांड्यात ओतून गार करावी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी वाढताना नुसती कोमट न करता चांगली उकळी आणावी, आणि टिक्कीही मध्यापर्यंत वाफाळती गरम झाली आहे ना, ते बघूनच पान वाढावं.