बंद नळीचा इतिहास

मराठवाड्यात 'तिचं ऑपरेशन झालंय' असं म्हटलं की कसलं, असं कुणी विचारत नाही. मुतखडा, अपेंडिक्स, मोतीबिंदू यांचं नाव घ्यावं लागतं. नुसतं 'ऑपरेशन' म्हणजे मुलं बंद करण्याचं, आणि तेही बाईचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचं प्रमाण शेकडा एकही भरत नाही.

आता नांदेडच्या डॉक्टर लेनमधून चालत जा किंवा लातूरच्या मोठ्या रस्त्यांवरून. 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर'च्या पाट्या दिसतील, गुबगुबीत बाळांच्या फोटोंसकट. एका ऑपरेशननं मूल थांबतं, दुसऱ्या उपचारानं येतं. पण दोन्हींचा इतिहास एकाच अवयवाभोवती फिरतो. तो अवयव म्हणजे गर्भनलिका. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक, लांबी साधारण दहा-बारा सेंटिमीटर, आतली वाट काही ठिकाणी केसाएवढी बारीक. दर महिन्याला बीजकोशातून सुटलेलं स्त्रीबीज या नळीत शिरतं, तिथेच त्याची शुक्राणूशी गाठ पडते, आणि तयार झालेला गर्भ पाचेक दिवसांत सरकत सरकत पिशवीत येतो. नळी बंद, तर गाठच पडत नाही.

नळी बंद कशी होते

काहींची क्षयरोगानं होते. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आणि छाती आठवते, पण हा जंतू गुपचूप गर्भनलिकांपर्यंतही पोचतो, आणि भारतात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. काहींची बाळंतपणानंतरच्या किंवा गर्भपातानंतरच्या जंतुसंसर्गानं होते. दुखणं अंगावर काढलेलं असतं. वर्षं गेल्यावर 'दिवस का राहत नाहीत' म्हणून तपासणी होते तेव्हा कळतं.

आणि लाखो बायकांची नळी सरकारी टेबलावर बांधली जाते. महाराष्ट्रानं या बाबतीत उत्साह दाखवला होता. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक राज्याच्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही. सक्ती गेली, शिबिरं राहिली. पुरुषांनी हात वर केले आणि सगळा भार बायकांवर आला.

बहुतेक बायकांना या ऑपरेशननं सुटकाच वाटली, हेही खरं. प्रश्न येतो तो आयुष्य उलटतं तेव्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, गावं झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांत लेकरं किती, याचा हिशेब अंगावर येतो. दोन-तीन मुलं झाल्यावर बाईनं ऑपरेशन करून घ्यायचं, हा जिथला रिवाज, तिथे मुलं ढिगाऱ्याखाली गेलेल्या आईपुढे नंतर काय उरलं असेल, ते कुणी समजावून सांगायला नको.

अकरा वर्षांनी त्सुनामीनं तमिळनाडूच्या कोळीवाड्यांतली मुलं नेली, तेव्हा तिथल्या सरकारनं बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत करून दिली. ही शस्त्रक्रिया होते, पण तिला यश येईलच असं नाही. नळीवर रिंग बसवली होती की तुकडा कापून काढला होता, किती नळी शिल्लक आहे, बाईचं वय काय, यावर ते ठरतं. दुसरा मार्ग म्हणजे नळीला वळसा घालायचा. तो वळसा म्हणजे आयव्हीएफ.

ओल्डहॅम, कोलकाता, परळ

'टेस्ट ट्यूब बेबी' हे नाव फसवं आहे. परीक्षानळीत बाळ वाढत नाही. एका चपट्या काचेच्या बशीत बीज आणि शुक्राणू एकत्र येतात आणि गर्भ तिथे फक्त तीन ते पाच दिवस असतो. पुढचे नऊ महिने आईचेच.

इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६९ मध्ये शरीराबाहेर मानवी बीज फलित झाल्याचं दाखवलं. पॅट्रिक स्टेप्टो हे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतले वाकबगार डॉक्टर आणि जीन पर्डी ही प्रयोगशाळा सांभाळणारी परिचारिका त्यांच्या जोडीला होते. २५ जुलै १९७८ रोजी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममध्ये लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं, तोवर स्टेप्टो आणि पर्डी हयात नव्हते.

लुईसनंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. दुर्गापूजा तोंडावर आली होती, म्हणून तिला दुर्गा म्हटलं गेलं. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसह हे केलं होतं. या आईच्याही नळ्या बंद होत्या. मुखर्जींची पद्धत ओल्डहॅमच्या पुढची होती. त्यांनी इंजेक्शनं देऊन एकापेक्षा जास्त बीजं तयार करवली, पोटाऐवजी योनिमार्गानं ती काढली आणि गर्भ गोठवून ठेवून नंतर पिशवीत सोडला. आज जगभरच्या केंद्रांत साधारण हेच चालतं. गोठवलेल्या गर्भापासून गर्भधारणा झाल्याची शास्त्रमान्य नोंद मात्र १९८३ ची, ऑस्ट्रेलियातली.

मुखर्जींच्या वाट्याला काय आलं? राज्य सरकारच्या समितीनं त्यांचा दावा खोटा ठरवला. जपानमध्ये जाऊन काम मांडायची परवानगी नाकारली गेली. शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला.

मग मुंबई. परळचं केईएम हे महापालिकेचं रुग्णालय. मराठवाड्यातून कितीतरी पेशंट रात्रीच्या गाडीनं आजही तिथे पोचतात. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. टी. सी. आनंद कुमार. या दोघांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली. पूर्ण वैज्ञानिक नोंदी असलेली ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी.

दहा वर्षं आनंद कुमार हे देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले. १९९७ मध्ये मुखर्जींचे कागद त्यांच्या हाती आले. त्यांनी ते वाचले आणि 'करंट सायन्स'मध्ये लिहून टाकलं की पहिला मान सुभाष मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावापुढचा 'पहिला' स्वतःच्या हातानं खोडणारी माणसं कमी असतात. हर्षाला २०१६ मध्ये मुलगा झाला. टेस्ट ट्यूब बेबीला पुढे मूल होईल का, या जुन्या शंकेचं उत्तर त्यात आलं.

आत नेमकं काय होतं

पाळी आल्यानंतर दहा-बारा दिवस बाईला रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात. एरवी महिन्याला एक पिकणारं बीज. यात अनेक पिकतात. सोनोग्राफीनं त्यांची वाढ पाहतात. मग बीज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी, भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुईनं बीजं काढून घेतात. त्याच दिवशी ती शुक्राणूंबरोबर ठेवतात. शरीराइतकंच तापमान, ३७ अंश. दुसऱ्या दिवशी कळतं किती बीजं फळली. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी एक, क्वचित दोन गर्भ पातळ नळीनं पिशवीत सोडतात. दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी.

शुक्राणू फार कमी किंवा अशक्त असतील तर एकच शुक्राणू उचलून थेट बीजात टोचतात. या पद्धतीला 'इक्सी' म्हणतात. ती १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून जगापुढे आली आणि तिनं एक जुना समज मोडला. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही कारण असतं. तरी आपल्याकडे देवऋषी, उपास आणि सवत हे सगळं बाईच्याच वाट्याला येतं. थोड्या पैशांत होणारी वीर्यतपासणी पुष्कळ घरांत सगळ्यात शेवटी होते. ती सगळ्यात आधी व्हायला हवी.

कुणाला उपयोग, कुणाला नाही

नळ्या बंद असलेल्या बायका, शुक्राणू कमी असलेले पुरुष, एंडोमेट्रिओसिस, पीसीओडीवर साध्या गोळ्यांनी गुण न आलेल्या मुली, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही वर्षानुवर्षं दिवस न राहिलेली जोडपी यांना आयव्हीएफचा उपयोग होऊ शकतो. 'होऊ शकतो' हे शब्द महत्त्वाचे. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर साधारण तीन वेळा गर्भ सोडल्यावर एकदा यश येतं. चाळिशीनंतर ते झपाट्यानं घसरतं, कारण बीजांचं वय आयव्हीएफ कमी करू शकत नाही. पाटीवरच्या फोटोत हे लिहिलेलं नसतं.

आणि पिशवीच नसेल तर? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं ऐन तिशीत काढली गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नळीला वळसा घालता येतो. पिशवीला नाही. अशा बाईला स्वतःच्या पोटी मूल आणण्याची वाट कायमची बंद झालेली असते. पोट दुखतं म्हणून 'पिशवी काढून टाका' असं सहज सांगितलं जातं, तेव्हा हे कुणी समोर ठेवत नाही.

२०२१ च्या कायद्यानं या धंद्याला काही शिस्त लावली. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. बाई २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ वर्षांचा असावा लागतो. विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित बाईलाही हा उपचार घेता येतो. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडणं गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला होता. दवाखान्यात पहिल्या दिवशी नोंदणी क्रमांक मागा, आणि तुमच्या वयाच्या बायकांत यश किती, हे विचारा. उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच आहे.

राहतो तो पैशाचा प्रश्न. नळी बांधायची तर सरकारी दवाखान्यात फुकट होते, वर थोडे पैसेही मिळतात. तीच वाट वळसा घालून चालायची तर बहुतेकांना खासगी दवाखाना गाठावा लागतो, आणि एका फेरीला लाख-दीड लाखाच्या पुढे खर्च येतो. तोही यशाच्या खात्रीशिवाय. चार एकर सोयाबीनवर चालणाऱ्या घरात एवढ्यासाठी दागिने मोडतात, शेत गहाण पडतं. हर्षा चावडा महापालिकेच्या रुग्णालयात जन्मली होती. गरिबांच्या रुग्णालयात सुरू झालेलं हे शास्त्र नांदेड-लातूरला पोचलं ते मात्र दर ठरवून. कोणाला किती मुलं असावीत यावर पन्नास वर्षं बोलत आलेल्या सरकारनं आता ज्यांना एकही नाही त्यांच्याबद्दल बोलायला हवं.