ग्वाल्हेरचा राघू आणि गोव्याची मिरची

गोवेकराला ग्वाल्हेर म्हटले की गाणे आठवते. मला मात्र त्या गावाचे नाव निघाले की एक भलताच प्रश्न पडतो: तानसेनाच्या काळी ग्वाल्हेरच्या पिंजऱ्यातला राघू खात तरी काय असेल?

प्रश्न थट्टेचा नाही. मराठी माणूस याला राघू म्हणो, ग्वाल्हेरकर मिट्ठू म्हणोत की आपण गोव्यात कीर म्हणू, त्याच्या चोचीत मिरची नाही तर पेरूची फोड ही हवीच. ही सांगड रामायणकाळापासूनची असावी असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मिरची आणि पेरू दोन्ही अमेरिकेतले. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला आणि त्यानंतर ही झाडे समुद्रमार्गे आपल्याकडे आली.

बाबर 1528 च्या सप्टेंबरात ग्वाल्हेरला गेला. मानसिंगाचा राजवाडा आणि त्यावरची हिरव्या फरशांतली केळीची झाडे त्याने बारकाईने टिपली आहेत. याच बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या पोपटांवरही लिहिले आहे. झाकलेल्या पिंजऱ्यातून, तोंडावरचे कापड काढा, जीव गुदमरतो, असे बोललेल्या एका पोपटाची ऐकीव हकीकत तो सांगतो, आणि खरेखोटे सांगणाऱ्याच्या माथी टाकून मोकळा होतो!

पुढे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याचे पदार्थ जिन्नसांसकट दिले. त्यात मिरी आहे, आले आहे, मिरची नाही. 1602 साली अबुल फजलचा खून झाला. त्याची कबर ग्वाल्हेरजवळच्या आंतरी गावी आहे. ज्या बादशाही स्वयंपाकघरात मिरची नव्हती, तिथल्या पोपटाला ती कोण देणार?

पेरूची गंमत तर नावातच आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपती. त्यावरून आपला पेर, पेरू. ग्वाल्हेरकडचा ‘अमरूद’ फारसीतला, त्याचाही मूळ अर्थ नासपतीच. नव्या फळाला दोन्हीकडच्या माणसांनी जुन्याच फळाचे नाव दिले. मका, भुईमूग, सूर्यफूल हेही अमेरिकेचेच. म्हणजे आज पोपटापुढे ठेवतो त्यातले निम्मेअधिक खाणे त्याच्या पूर्वजांनी पाहिलेलेही नव्हते.

मग तो जगत कशावर होता? वड, पिंपळ, उंबराची फळे, जांभळे, बोरे, ज्वारी-बाजरीची कोवळी कणसे, पळस-सावरीच्या फुलांतला मध. दिवसभर उडायचे, ऋतूप्रमाणे दहा ठिकाणी चोच मारायची. त्याचा समतोल आहार तो हाच.

पिंजऱ्यात हा समतोल मोडतो. मिरचीने काही बिघडत नाही. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही आणि तिच्यातून ‘अ’ जीवनसत्त्वाची भरही पडते. घात करतात त्या सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे. त्यांत चरबी फार, ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी. केवळ त्यांवर वाढलेला पोपट वरून गुबगुबीत दिसतो, आतून यकृत चरबीने भरते. बुरशी आलेला शेंगदाणा तर विषच. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, गाजर, मोड आलेली कडधान्ये, शिजवलेले धान्य आणि थोडी फळे द्यावीत, बिया चवीपुरत्या. अवोकाडो, चॉकलेट, चहा, खारवलेले पदार्थ मुळीच नकोत.

हे कुणासाठी लिहितो? ज्यांच्याकडे कायदेशीर परवानगीने पाळलेले परदेशी पोपट आहेत त्यांच्यासाठी. आपला देशी राघू 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. जखमी कीर सापडला तर वनखात्याला कळवावे.

‘आमच्या घरी पूर्वापार मिरचीच घालतात’ असे म्हणणाऱ्यांना इतिहास एवढेच सांगतो की हे पूर्वापार फार तर चार-साडेचार शतकांचे. त्याआधीची त्याची परंपरा म्हणजे उंबराचे झाड आणि मोकळे आभाळ. परंपरा पाळायचीच असेल तर ती पाळावी.