तबकडीवरील खरखर

जुनी तबकडी लावली कीं गाण्याच्या आधीं खरखर ऐकूं येते. तबकडी झिजली, धूळ बसली, म्हणून ती खरखरते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा.

त्या काळची तबकडी लाखेची म्हणून ओळखली जाई. पण तींत लाख थोडी आणि दगडाची बारीक पूड पुष्कळ. ही पूड केवळ स्वस्ताईसाठीं नव्हती. पोलादी सुई नवी लाविली कीं पहिल्या कांहीं वेढ्यांतच त्या पुडीनें घासली जाऊन ती खांचेच्या आकाराची होई, व मग खांचेंत नीट बसे. तबकडीचें आयुष्य वाढावें म्हणून सुईनें झिजावें, अशी ती योजना होती. दर बाजूस नवी सुई लावण्याचा दंडक त्यामुळेंच पडला. आमच्या घरीं मात्र काटकसरीपायीं तो फारसा पाळला गेला नाहीं. तात्पर्य, कोऱ्या करकरीत तबकडीलाही खरखर असे. ती तिच्या घडणींतच होती.

1902 सालीं फ्रेड गैसबर्ग हे ध्वनिमुद्रणाचें सामान घेऊन कलकत्त्यास आले. तेव्हां विजेचा उपयोग नव्हता. तो 1925 पासून सुरू झाला. तोंवर गायकानें कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें, आणि त्या आवाजाच्याच जोरानें सुईनें मेणावर रेघ कोरावी, अशी रीत होती. नाजूक हरकत उमटेना, तंबोऱ्याची आस तर बहुधा हरपेच. गाणें संपतां संपतां गौहरजान आपलें नांव इंग्रजींत पुकारीत. मूळ ठसे जर्मनींत हानोव्हर येथें जात. तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून ही घोषणा, असें सांगतात. 1908 सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला व तबकड्या इकडेच छापल्या जाऊं लागल्या. पण कामगारांसाठीं केलेली ती नोंद रसिकांना गाण्याचाच भाग वाटूं लागली होती, व आजही वाटते.

अल्लादियाखांसाहेब 1946 सालीं निवर्तले. त्यांचें ध्वनिमुद्रण झालेंच नाहीं. आपल्या वांट्यास खरखरसुद्धां आली नाहीं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र 1977 सालीं व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. त्यांतलें पहिलें यान आज 2400 कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. गोव्यांतील केरी गांवच्या या बाईंचा स्वर तिकडेही खांचेंतच कोरलेला आहे, हें मला मोठें गमतीचें वाटतें.

आतां उलट बाजू पाहूं. गायकानें ध्वनिग्राहकापासून हलूं नये, आवाज दूरचा येणें हा दोष, असा नियम. 1949 सालच्या ‘महल’ या चित्रपटांत खेमचंद प्रकाश यांना दुरून जवळ येणारा आवाज हवा होता. तसें करणारें यंत्र हाताशीं नव्हतें. तेव्हां लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या, आणि मनासारखें जुळेपर्यंत पुन्हां पुन्हां चालल्या. दोषच अलंकार झाला! 1964 सालीं लंडनच्या किंक्स मंडळींतील डेव्ह डेव्हीज यांनीं स्पीकरचा पडदा पात्यानें चिरला, तो त्या चिरक्या आवाजाच्या हव्यासानेंच. आणि हल्लींची मुलें अभ्यासाच्या वेळीं जें संगीत लावतात, त्यांत तबकडीची खरखर मुद्दाम मिसळलेली असते. ज्यांनीं सुई कधीं हातांत धरली नाहीं त्यांच्यासाठीं!

या विषयाकडे मी वळलों त्याचें कारण घरगुती आहे. 1984 सालीं डोंबिवलींत रेल्वेरुळांलगतच्या आमच्या खोलींत वडिलांनीं अभंग म्हटले, ते मीं कॅसेटवर घेतले. त्यांचा तेवढाच आवाज शिल्लक आहे. गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती फीत संगणकावर स्वच्छ करून दिली. फितीची सळसळ गेली, मधूनच जाणाऱ्या लोकलची धडधड गेली. पोरानें काम मन लावून केलें होतें. पण ऐकतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, वडील कडव्याच्या मध्यें थांबत आहेत. जणूं पुढचे शब्द आठवत नाहींत. त्यांना सारे अभंग तोंडपाठ होते. ते थांबले होते गाडी जाऊं देण्यासाठीं.

आतां मीं दोन्ही प्रती ठेवल्या आहेत. नातवंडांना पहिली ऐकवितों. गाडी येते, वडील थांबतात, गाडी कल्याणकडे निघून जाते, आणि राहिलेल्या शब्दापासून ते पुढें म्हणूं लागतात.