चित्रकुटुंबांचें संमेलन

मुलांच्या कार्टूनांत एका मालिकेंतील पात्रें दुसऱ्या मालिकेच्या घरीं पाहुणीं म्हणून आलीं, तर घरांतील वडील माणसें बहुधा वर्तमानपत्रांतून डोकें वर काढीत नाहींत. ससा बदकाकडे आला काय आणि बोका भुताकडे गेला काय, मुलें हंसत आहेत ना, मग झालें, असें त्यांचें म्हणणें असतें. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. चित्रांतलें पात्र आपल्या पायांनीं कोठेंच जात नाहीं. त्याला कोणी तरी नेतो, कशासाठीं तरी नेतो, आणि त्या नेण्याआणण्याचा करारनामा चित्र निघण्यापूर्वींच लिहून झालेला असतो. मुलाला तो दिसत नाहीं. पालकांना दिसावा, अशी आमची इच्छा आहे. म्हणून अमेरिकेंत १९९० सालीं झालेल्या अशा एका अर्ध्या तासाच्या संमेलनाची हकीकत आम्ही येथें जरा विस्तारानें सांगणार आहों.

ही पद्धत जुनी आहे. १९३३ सालीं फ्लायशर यांच्या चित्रशाळेनें वर्तमानपत्रांतील पॉपाय नांवाचा खलाशी पडद्यावर आणला, तो आपल्या बेटी बूपच्या मालिकेंतून. बेटी त्या चित्रांत घटकाभर येते, नाचते आणि जाते. पण ओळखीच्या यजमानिणीनें नव्या पाहुण्याला बैठकीत आणून बसवावें, तेवढें काम त्यानें झालें. स्मर्फ नांवाचे निळे बुटके आज जगभर ठाऊक आहेत. तेही १९५८ सालीं बेल्जमच्या पेयो या चित्रकारानें योहान आणि पिर्लुई यांच्या कथेंत पाहुणे म्हणूनच आणले होते. पाहुण्यांनीं पुढें यजमानांचें नांवच पुसून टाकलें, हा भाग निराळा.

मिकी माऊस आणि बग्ज बनी हे दोन प्रतिस्पर्धी घराण्यांचे मानकरी. त्यांची रुपेरी पडद्यावर भेट झाली ती १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटांत. दोघांनाही पडद्यावर सारखाच वेळ मिळाला पाहिजे, अशी अट होती. आपल्याकडील लग्नांत व्याह्यांच्या मानपानाची जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढीच एका सशाची व एका उंदराची घ्यावी लागली. पण त्या चित्रपटाचा हेतु करमणुकीचा होता आणि तो त्यानें उत्तम साधला. डॅफी व डोनाल्ड हीं दोन बदकें समोरासमोर पियानोवर बसून जी धुमाळी करतात, तिच्यांत दोघांचेही स्वभाव जसेच्या तसे दिसतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां मुख्य हकीकत. १९८२ पासून नॅन्सी रेगन बाई ‘नुसतें नाहीं म्हणा’ हें घोषवाक्य घेऊन मादक पदार्थांविरुद्ध मुलांना सांगत देशभर फिरत होत्या. त्याच दशकांत दुसरीही एक घडामोड झाली. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींना किती वेळ द्यावा यावरील निर्बंध सरकारी दूरसंचार आयोगानें १९८४ सालीं काढून टाकले. आधींच सुरू झालेल्या एका प्रकाराला त्यामुळें ऊत आला: दुकानांत खेळणें आधीं मांडावयाचें आणि त्याची गोष्ट मागाहून रचावयाची. पेगी चॅरन या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६८ पासून चालविलेली ‘अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही पालकांची संस्था ह्याविरुद्ध सतत झगडत होती. एका बाजूला मुलांना संयम शिकविण्याची मोहीम आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या हट्टाला खतपाणी घालणारा बाजार, अशा दुहेरी वातावरणांत हा खेळ जन्मला.

त्याचें नांव ‘कार्टून ऑल-स्टार्स टु द रेस्क्यू’. शनिवार, २१ एप्रिल १९९० रोजीं सकाळीं एबीसी, सीबीएस, एनबीसी व फॉक्स या चारही वाहिन्यांनीं तो एकाच वेळीं दाखविला. शनिवारची सकाळ त्या काळीं अमेरिकेंत मुलांच्या कार्टूनांची ठरलेली वेळ होती. त्या दिवशीं मुलानें कळ फिरवून कोठें जावें म्हटलें तरी बहुतेक तेंच समोर येई. अध्यक्ष जॉर्ज बुश व त्यांच्या पत्नी बार्बरा यांनीं स्वतः पडद्यावर येऊन प्रास्ताविक केलें. खर्चाचा भार मॅकडोनल्ड या खाद्यपेयांच्या कंपनीशीं संलग्न असलेल्या मुलांच्या धर्मादाय संस्थेनें उचलला, आणि निरनिराळ्या मालकांनीं आपापलीं पात्रें ह्या कामासाठीं दिलीं. स्मर्फ, गार्फील्ड बोका, आल्विन व त्याचे चिपमंक बंधु, विनी द पू, स्लाइमर भूत, परग्रहवासी आल्फ, बाळपणींचा केर्मिट बेडूक व मिस पिगी, निंजा कासवांतील मायकेलँजेलो, डोनाल्डचे तिघे भाचे, बग्ज बनी आणि डॅफी डक एवढी मंडळी एका छपराखालीं जमली. बग्ज व डॅफी यांना अर्धशतक आवाज देणारे मेल ब्लँक १९८९ सालीं वारले होते. येथें तें काम जेफ बर्गमन यांनीं केलें.

कथानक साधें आहे. कोरी नांवाच्या लहान मुलीची पैशांची डुकराच्या आकाराची पेटी तिचा वयांत येऊं घातलेला भाऊ मायकेल चोरतो. त्याला गांजाचें व्यसन लागलें आहे. चोरी होते ती कोरीच्या खोलींत, आणि त्या खोलींतल्या वस्तूच साक्षीदार म्हणून उठतात: चित्रपुस्तकांतून स्मर्फ, दिव्यांतून गार्फील्ड, तबकडीच्या वेष्टनावरून चिपमंक, भिंतीवरल्या चौकटींतून आल्फ. पूचें तर चिंध्यांचें बाहुलेंच जिवंत होतें. ही कल्पना आम्हांस मनापासून आवडली. लहान मुलांच्या मनांत त्यांच्या खोलींतील वस्तु नेहमींच अर्ध्या जाग्या असतात. शिवाय ह्या एका युक्तीनें इतक्या घराण्यांचीं पात्रें एकाच वेळीं एकाच ठिकाणीं कां, या प्रश्नाचें उत्तर मुलाला न विचारतां मिळतें.

मायकेलला कुमार्गाला नेणारा जो खलपुरुष आहे त्याचें नांवच स्मोक, म्हणजे धूर. जॉर्ज स्कॉट या नामांकित नटाच्या भरदार आवाजांत तो मायकेलच्या कानाशीं सतत कुजबुजत असतो. त्याला उत्तर देण्यासाठीं मग एकेक पात्र येतें. बग्ज बनी पोलिसाच्या वेषांत येऊन कालयंत्रांतून मायकेलला मागें नेतो आणि पहिला झुरका त्यानें कोणाच्या संगतींत घेतला तें दाखवितो. आल्फ त्याला आरशांच्या दालनांत नेतो. डॅफी भविष्यवेत्ता बनून कांचेच्या गोळ्यांत त्याचें पुढचें रूप दाखवितो. मध्यें एक गाणें आहे, हॉवर्ड अॅशमन व अॅलन मेंकन यांनीं रचलेलें. नाहीं म्हणण्याच्या नाना तऱ्हा मायकेलला त्यांत पढविल्या जातात. अखेर स्मोक कोरीलाच गांजाचा मोह घालूं लागतो, तेव्हां मायकेलचे डोळे उघडतात आणि तो त्या धुराला खिडकीबाहेर कचऱ्याच्या गाडींत फेकून देतो.

हें सर्व वाचून वाचक म्हणतील, मग यांत वाईट काय? हेतु चांगला, पात्रें आवडतीं, खर्च दुसऱ्याचा. आम्हांस या ठिकाणीं आपल्या रंगभूमीवरील एक प्रसंग आठवतो. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं आपापल्या प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आणून खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. तोही सत्कार्यासाठींच होता. टिळक स्वराज्य फंडाला त्याचें उत्पन्न द्यावयाचें होतें. पण धैर्यधर धैर्यधरच राहिला आणि भामिनी भामिनीच राहिली. फंडाला मिळाले ते पैसे. नाटकाच्या संहितेंत फंड शिरला नाहीं. भामिनीनें गाणें अर्ध्यावर सोडून देणगीचें महत्त्व सांगितलें असतें, तर प्रेक्षकांनीं तें सहन केलें असतें कीं काय, याची आम्हांस शंका आहे.

अमेरिकन संमेलनांत नेमकें हेंच घडलें. गार्फील्ड म्हणजे आळसाचा व खादाडपणाचा पुतळा. त्याचा सारा विनोद त्याच्या असंयमावर उभा. पू मधाच्या बरणीवांचून क्षणभर राहूं शकत नाहीं. स्लाइमर समोर दिसेल तें गिळतो. आल्फ तर मांजरें खाण्याची वासना घेऊन पृथ्वीवर आलेला, आणि येथें तो प्रत्यक्ष एका बोक्याच्या शेजारीं उभा! अशा मंडळींनीं गंभीर चेहऱ्यानें संयमाचा उपदेश करावा, यांत केवढा विनोद दडलेला आहे! पण तो उमलत नाहीं. कारण कोणालाही आपल्या स्वभावाप्रमाणें वागण्यास फारसें मोकळें सोडलेलें नाहीं. नांवें निराळीं, आवाज निराळे, बोलणें मात्र एकाच शिक्षकाचें. हरदासाचा पूर्वरंग लांबला तर श्रोते उत्तररंगाच्या आशेवर बसून राहतात. येथें उत्तररंगाचा पत्ताच नाहीं. मुलानें ज्या पात्रावर विश्वास टाकला तो त्याच्या खोडकरपणामुळें टाकला. तो विश्वास उसना घेऊन त्यावर दुसराच माल विकला, तर माल चांगला असला तरी विश्वासाला धक्का बसतोच. मुलें हें फार लवकर ओळखतात.

बरें, उपदेशाचें फळ तरी? एका खेळाचें माप स्वतंत्रपणें काढणें अवघड असतें. पण ज्या मोहिमेचा तो भाग होता तिच्याविषयीं पुष्कळ संशोधन झालें आहे. लॉस एंजलिसमध्यें १९८३ सालीं सुरू झालेला ‘डेअर’ हा शाळांतील उपक्रम त्याच धर्तीचा होता, आणि त्यावरील अनेक अभ्यासांचा १९९४ सालीं एकत्र विचार झाला तेव्हां मुलांच्या व्यसनांवरील त्याचा परिणाम अगदीं अल्प आढळला. शाळेच्या अखेरच्या वर्गांतील मुलांत गांजा ओढण्याचें प्रमाण १९७९ पासून १९९२ पर्यंत घटत गेलें होतें. त्यानंतर कांहीं वर्षें तें पुनः वाढलें.

आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. त्याच १९९० सालीं अमेरिकन काँग्रेसनें मुलांच्या दूरचित्रवाणीविषयीं कायदा संमत केला. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती शनिवार-रविवारीं तासाला साडेदहा मिनिटांपेक्षां व इतर दिवशीं बारा मिनिटांपेक्षां अधिक नसाव्या, असें त्यांत होतें. एप्रिलमध्यें मुलांपुढें आपण होऊन बसलेले अध्यक्ष बुश ह्या कायद्यावर सही करीनात. भाषणस्वातंत्र्याची अडचण त्यांनीं पुढें केली, आणि ऑक्टोबरांत त्यांच्या सहीवांचूनच तो अमलांत आला. त्यांचा आक्षेप प्रामाणिक असेलही. तथापि मुलाला ‘नाहीं म्हण’ असें शिकविणें सोपें आणि मुलांचें गिऱ्हाईक करणाऱ्यांना नाहीं म्हणणें कठीण, हें त्या वर्षीं चांगलेंच दिसून आलें.

त्यानंतरचीं संमेलनें पुष्कळ झालीं. १९९५ सालीं ‘सिम्प्सन्स’मध्यें ‘द क्रिटिक’ या मालिकेचा नायक पाहुणा आला, तो त्याच वाहिनीवर नव्यानें आलेल्या त्या मालिकेची जाहिरात व्हावी म्हणून. ‘सिम्प्सन्स’चे जनक मॅट ग्रोनिंग यांना हें इतकें रुचलें नाहीं कीं त्यांनीं त्या भागावरून आपलें नांव काढून घेतलें. (ही मालिका बाळगोपाळांची नव्हे, हेंही येथें सांगून ठेवतों.) डिस्नेनें २००९ सालीं मार्व्हल कंपनी विकत घेतल्यावर २०१३ सालीं फिनीअस व फर्ब यांच्या अंगणांत मार्व्हलचे वीर उतरले, यांत नवल नाहीं. उलट २००४ चें ‘जिमी टिमी पॉवर अवर’ आम्हांस निर्मळ वाटतें. टिमीचें जग सपाट चित्रांचें, जिमीचें संगणकावर घडविलेलें भरीव. दोघे एकमेकांच्या जगांत गेले कीं त्यांचे देहही बदलतात, आणि सगळी गंमत त्या अडचणींतून निघते. आपल्याकडे हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेनें छोटा भीम व कृष्ण यांची गांठ घालून दिली आहे. ढोलकपूरचा हा लाडूप्रिय मुलगा पांडवांपैकीं भीम नव्हे, एवढें आजीनें नातवाला एकदां सांगून ठेवलें म्हणजे पुरे. नाहीं तर महाभारत वाचावयास घेतल्यावर त्याची फार निराशा होईल.

‘कार्टून ऑल-स्टार्स’ घरीं दाखवावयाचें असल्यास पांच-सहा वर्षांच्या मुलाला एकटें बसवून दाखवूं नये. वयाप्रमाणें कार्यक्रमांवर खुणा घालण्याची पद्धत अमेरिकेंत १९९७ सालीं आली. हा खेळ त्यापूर्वींचा असल्यानें त्यावर मूळांत तशी खूण नव्हती. आरशांतील व गोळ्यांतील मायकेलचीं विद्रूप रूपें लहान मुलाच्या स्वप्नांत येतील अशीं आहेत, आणि गांजा म्हणजे काय हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला त्या भीतीचें कारणही कळणार नाहीं. वाईट संगत म्हणजे दुष्ट चेहऱ्यांचीं मुलें, असेंही त्यांत सुचविलें आहे. प्रत्यक्षांत पहिला झुरका देणारा पुष्कळदां आपला लाडका मित्रच असतो, हें त्याला घरींच सांगावें लागेल. दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर मात्र हा खेळ अवश्य पाहावा, आणि कोरीकडे त्याचें लक्ष वेधावें. सगळ्या बोलक्या प्राण्यांच्या गर्दींत तीच एक साधी, खरी व्यक्ति आहे. भावाची चहाडी करावी कीं त्याला सांभाळून घ्यावें, ह्या पेंचांत ती सांपडली आहे, आणि असा पेंच कोणत्याही घरांत पडूं शकतो.

शेवटीं मायकेल बहिणीला बरोबर घेऊन आईबापांना सर्व सांगावयास निघतो आणि खेळ संपतो. तेथें लगेच उठूं नये. सगळें ऐकून त्याची आई पहिल्यानें काय म्हणाली असेल, असें मुलाला विचारावें, आणि तें काय उत्तर देतें तें मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें.