खाजनात शिरलेले तिवर

गोमंतकात बांदोडे येथे सापडलेला एक ताम्रपट कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा राजाचा आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या दानलेखात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो. तेथील रान तोडून, बांधाने समुद्राचे खारे पाणी अडवून, भातशेत करावे, असा त्याचा आशय. आजचा ‘खाजन’ हा शब्द त्याच खज्जनाचा वंशज होय. मांडवी आणि जुवारीच्या काठची ही शेती रान तोडून उभी राहिली, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे तेथे आज रान परत का येत आहे, याचा उलगडा होऊ लागतो.

खाजन ही भरतीच्या पातळीहून सखल जमीन. नदी दिवसातून दोनदा तिच्यावर चाल करून येते आणि माती, पेंढा व जांभा दगड यांचा बांध तिला थोपवून धरतो. बांधात ‘मानस’ बसविलेले असते. त्याची लाकडी दारे भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागताच आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यांना उघडण्यामिटण्यासाठी माणूस लागत नाही. मृगाच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे, खारटपणा सोसणारे भात पेरावयाचे. मानसापाशी मिळणाऱ्या मासळीचा आणि कोळंबीचा हक्क लिलावाने दिला जाई, व ते उत्पन्न गावाच्या पदरी पडे.

गावाच्या पदरी म्हणजे गावकरीच्या. पोर्तुगीज आले ते 1510 साली. 1526 मध्ये अफोन्सो मेक्सिया याने तिसवाडीतील गावकऱ्यांचे रीतिरिवाज सनदेत नोंदविले, तेव्हा ही संस्था जुनीच होती. तिच्या कारभारात न्यायाबरोबर अन्यायही पुष्कळ होता, कारण हक्क वतनदारांचे आणि घाम कुळांचा. तथापि एका गोष्टीत तिला पर्याय नव्हता. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर खारे पाणी एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या शेतात शिरते. म्हणून बांधाची राखण कोणा एकट्याच्या मर्जीवर सोडून चालत नसे.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाले. 1964 चा कूळ कायदा आला, आणि 1976 च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक झाला. हे न्यायाचेच झाले. बांधाचे काम कुळांच्या संघांकडे जावे म्हणून 1975 मध्ये संयुक्त जबाबदारीचे नियमही झाले होते. परंतु नियमाने संघ निर्माण होतो, संघभावना होत नाही. तरुण नोकरीसाठी शहरात, आखातात गेले; मजुरी महागली; लोहखनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी बांधाची माती झिजू लागली. कोठे कोठे मासळीच्या लोभाने मानसाची दारे मुद्दाम उघडी राहिली. वेळेवर न बुजविलेले भगदाड पुढच्या भरतीला रुंदावते, आणि एकदोन पावसाळ्यांत शेत पडीक होते.

तेथून पुढचे काम झाडे करतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. भाल्यासारखा लांब कोंब खाली सुटतो, पाण्यावर तरंगत जातो आणि मऊ गाळ भेटला की तग धरतो. तिवराचे बीही फळातच अंकुरलेले असते. भरतीबरोबर ते भगदाडातून आत येते, आणि नांगर फिरत नसलेल्या शेतात त्याला उपटणारा कोणी नसतो. पुढे तिवराची श्वासमुळे खुंटांसारखी चिखलातून वर येतात, त्यांच्यात गाळ अडकतो, आणि त्या गाळात नवी रोपे उभी राहतात. काही वर्षांतच जुन्या वाफ्यांच्या रेषा बुजून जातात.

वास्तविक शेतकऱ्याचे या झाडाशी वैर नव्हते. बांधाच्या नदीकडील अंगाला उभे असलेले तिवर लाटेचा मारा आपल्या अंगावर घेते, हे तो जाणून होता. बांधाबाहेर ते राखणदार, बांधाआत मात्र घुसखोर.

सरकारी मोजणीला हा भेद दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाने 1989 च्या अहवालात गोव्यात 3 चौरस किलोमीटर खारफुटी दाखविली होती. 2021 च्या अहवालात ती 27 झाली. यात मोजण्याची पद्धत सूक्ष्म झाल्याचा वाटा आहे, वन खात्याच्या लागवडीचाही आहे. परंतु या हिरव्या आकड्यात बुडालेली भातशेतेही सामावलेली आहेत, आणि आकडा वाढला म्हणून आनंद मानणाऱ्याला त्यांची दखल घेण्याचे कारण पडत नाही.

1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला कडक संरक्षण दिले. 2011 च्या अधिसूचनेने गोव्यापुरती खास तरतूद केली: खाजनांचे नकाशे करावेत, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा आखावा, तेथे विकासकामांना परवानगी नसावी, आणि खाजनालगतची खारफुटीही राखावी. खाजन आणि खारफुटी अशी एकाच कलमाच्या छायेत आली. बांध पुन्हा बांधून वडिलांचे शेत लावू पाहणाऱ्या शेतकऱ्याला आज भगदाड बुजविण्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो: आत उभ्या असलेल्या तिवराला हात लावण्याची परवानगी मिळेल काय?