एकसंध देश आणि अपुरे राष्ट्र : डॉ. आंबेडकरांचे समारोपाचे भाषण

भारताच्या घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवसांच्या परिश्रमांनंतर २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. त्याच्या आदल्या दिवशी मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मसुद्यावरील चर्चेचा समारोप केला. समितीच्या ११ सत्रांचा आणि १६५ दिवसांच्या कामकाजाचा हिशोब त्यांनी मांडला, सर बेनेगल नरसिंह राव व एस. एन. मुखर्जी यांच्या साहाय्याचा उल्लेख केला आणि टीकाकारांनाही उत्तरे दिली. निरोपाच्या प्रसंगी एवढे पुरेसे झाले असते. परंतु भाषणाच्या उत्तरार्धात ते घटनेच्या मजकुरापलीकडे गेले. स्वातंत्र्य टिकेल काय, लोकशाही टिकेल काय आणि भारत हे खरोखर राष्ट्र आहे काय, हे प्रश्न त्यांनी सभागृहापुढे ठेवले.

कायद्याच्या दृष्टीने देशाची एकता तोपर्यंत निश्चित झालेली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी 'संघ' या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला होता. हा संघ घटक राज्यांमधील कराराने जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे ते म्हणाले होते. एका शब्दाच्या निवडीने अमेरिकेतील यादवी युद्धासारख्या वादाची वाट बंद करण्यात आली. वर्षभरानंतरच्या भाषणात मात्र जे शब्दांच्या निवडीने साधणार नव्हते, त्याचा विचार होता.

त्यासाठी त्यांनी इतिहासातील दाखले दिले. सिंधवर महंमद बिन कासीमची स्वारी झाली, तेव्हा राजा दाहिरच्या सेनाधिकाऱ्यांनी लाच घेऊन लढण्यास नकार दिला. शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठे सरदार व राजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. १८५७ मध्ये देशाच्या मोठ्या भागात उठाव झाला, तेव्हा शीख तटस्थ राहिले. स्वातंत्र्य बाहेरच्या बळापेक्षा आपल्याच माणसांच्या फितुरीने गेले, असा या दाखल्यांचा रोख होता. जुन्या जातिपंथांच्या जोडीला आता राजकीय पक्षांचे पंथ येणार असल्याने त्यांची चिंता अधिकच वाढली होती. पक्षांनी आपला पंथ देशाहून मोठा मानला, तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा आणि कदाचित कायमचे गमावले जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

पुढे त्यांनी तीन गोष्टी सुचविल्या. सनदशीर मार्गच धरावा आणि राजकारणात विभूतिपूजेला थारा देऊ नये, या पहिल्या दोन गोष्टी आजही वरचेवर उद्धृत होतात. राष्ट्रीय एकतेचा खरा विचार तिसऱ्या गोष्टीत आहे, आणि तिची आठवण त्या मानाने कमी काढली जाते. केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये, तिला सामाजिक लोकशाहीचा पाया द्यावा, असे ते म्हणाले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी त्यांनी अविभाज्य मानली. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. तो मसुदा समितीने प्रास्ताविकेत आणला. बंधुभावाची गरज पूर्वी कधीही नव्हती इतकी आज आहे, असे कारण डॉ. आंबेडकरांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुद्यासोबतच्या पत्रात दिले होते. फाळणीच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या आणि गांधीजींची हत्या होऊन महिनाही उलटला नव्हता.

आपण राष्ट्र झालोच आहोत असे मानणे हा मोठा भ्रम आहे, हे या भाषणातील सर्वांत कठोर विधान. त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी जेम्स ब्राइस यांनी नोंदविलेला एक अमेरिकन प्रसंग सांगितला. तेथील एका चर्चच्या प्रार्थनेत 'राष्ट्र' हा शब्द घालण्याचे ठरले, पण दुसऱ्याच दिवशी त्यावर इतके आक्षेप आले की त्या जागी 'संयुक्त संस्थाने' हे शब्द घालावे लागले. ज्या देशात जातिव्यवस्था नाही तेथे ही स्थिती, तर हजारो जातींत विभागलेल्या समाजाने स्वतःला राष्ट्र कसे म्हणवावे? जाती समाजजीवनात दुरावा आणि परस्परद्वेष निर्माण करतात, म्हणून त्या राष्ट्रविरोधी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही १७९६ च्या निरोपाच्या संदेशात फुटीविरुद्ध बजावले होते. त्यांना भीती होती ती प्रादेशिक गटांची आणि पक्षांधतेची. डॉ. आंबेडकरांनी दाखविलेली भेग प्रदेशांच्या सीमेवर नव्हती, ती प्रत्येक गावातून जात होती.

हा फरक जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. नागपूर ही राजधानी असलेल्या या प्रांतात वऱ्हाडपासून छत्तीसगडपर्यंत मराठी व हिंदी भाषक एकत्र नांदत होते. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल हे दोघेही घटना समितीचे सदस्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००० मध्ये छत्तीसगडची राजधानी झाले. सीमा दोनदा बदलल्या, तरी रायपूरमध्ये मराठी वस्ती टिकून राहिली. शहरातील पंडरीच्या कापड बाजारात निरनिराळ्या भाषांची माणसे सहज व्यवहार करतात. भाषेची भिंत अशी बाजारात विरघळते. जातीची भिंत दुकान बंद करून घरी गेल्यावर, सोयरिकीच्या वेळी, उभी राहते. याच छत्तीसगडमध्ये, गिरोदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकात सतनाम पंथाद्वारे जातिभेदाला विरोध केला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मूळ प्रास्ताविकेत 'राष्ट्राची एकता' एवढेच शब्द होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्यांत 'एकात्मता' हा शब्द जोडला गेला. बंधुतेचा शब्द मात्र पहिल्यापासून तेथे आहे.

भाषणानंतर दोनच वर्षांनी डॉ. आंबेडकरांना आणखी एक निरोपाचे निवेदन तयार करावे लागले. विवाह व वारसा यांच्या कायद्यात सुधारणा करणारे हिंदू संहिता विधेयक रखडल्याने त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. वर्गावर्गांतील आणि स्त्री-पुरुषांतील विषमतेला हात न लावता केवळ आर्थिक कायदे करीत राहणे म्हणजे घटनेची थट्टा होय, असे त्यांनी त्यात लिहिले होते. १० ऑक्टोबर १९५१ रोजी निवेदन वाचण्याच्या वेळेवरून संसदेत वाद झाला. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. विधेयकाचे भाग पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले.